न मागितलेला हक्क
अमेरिकेतील ऑरेगन राज्याने २०१६ पासून मतदार नोंदणीची रीतच उलटी केली. वाहन परवान्यासाठी नागरिकत्वाचा पुरावा दाखवला, की ती माहिती निवडणूक यंत्रणेकडे जाते आणि नाव यादीत चढते; ज्याला नको, त्याने तसे कळवायचे. यावरचा गंभीर आक्षेप विवेकबुद्धीचा आहे. यहोवाचे साक्षीदार श्रद्धेपायी राजकारणापासून अलिप्त राहतात. त्यांच्या मौनाला संमती कसे म्हणायचे? पण यादीत नाव असणे म्हणजे मत देणे नव्हे. मताधिकार नागरिकत्वातून येतो, अर्जातून नाही. त्यासाठी खेटे घालायला लावणे हा मला खरा अन्याय वाटतो, आणि तो सतत घर बदलावे लागणाऱ्या गरिबालाच अधिक सोसावा लागतो.

दुसरा आक्षेप मला जास्त अस्वस्थ करतो. २०२४ मध्ये उघड झाले, की वाहन विभागाच्या चुकीमुळे नागरिकत्वाचा पुरावा न दिलेल्या १,२०० हून अधिक लोकांची नावे यादीत गेली होती. स्थलांतरिताला अशी नोंद फार महागात पडू शकते, आणि त्याने तर काही मागितलेच नव्हते. हक्क देण्यात राज्याने जरूर पुढाकार घ्यावा. मात्र मग चुकीचे उत्तरदायित्वही राज्याचेच, त्या माणसाचे कदापि नाही.