जामीनदार

दुसऱ्या धर्माच्या माणसांबद्दल तुमच्या मनात अढी आहे का, असं कुणी विचारलं तर मी नाही म्हणतो आणि लगेच पुरावे काढायला लागतो. मालेगावात बँकेची नोकरी केली, ईदला शिरखुर्मा खाल्ला, अलिबागेकडे बेने इस्रायली यहुद्यांच्या घरी मलिद्याला बसलो. विचारणाऱ्याने पुरावा मागितलेला नसतो. एका शब्दात संपणारं उत्तर माझ्याकडून एका शब्दात संपत नाही, आणि हे मला अलीकडे बोचायला लागलं आहे.

मलिद्यापासूनच सुरुवात करतो, कारण तो भाग सोपा आहे. गोड केलेले पोहे, ओलं खोबरं, वेलची, सुकामेवा, ताटाभोवती फळं आणि एलियाहू हनाबीच्या नावाने प्रार्थना. प्रार्थना हिब्रूत, पण ती संपल्यावर आग्रह मात्र अस्सल कोकणी: "एवढ्यानं काय होतंय, अजून घ्या!" आडनावं पेणकर, रोहेकर, किहिमकर. पूर्वज तेलाचे घाणे चालवत आणि शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून गावाने त्यांना शनवार तेली म्हटलं. एकोणिसाव्या शतकात या मंडळींनी बायबलातल्या कथांवर मराठी कीर्तनंसुद्धा रचली. हे ऐकल्यावर मराठी माणसाचं मन विरघळायला कितीसा वेळ लागणार? मीही विरघळलो, आणि घरी येताना स्वतःवर खूश होतो.

पण त्यात माझं कर्तृत्व काय? मला त्यांच्यातलं आवडलं ते माझंच होतं. हीच माणसं इस्रायलला गेली तेव्हा तिथल्या मुख्य धर्मपीठाने 1962 मध्ये लग्नाआधी त्यांच्या वंशाची चौकशी लावली. आंदोलनं झाली, आणि 1964 मध्ये तिथल्या संसदेला त्यांचं यहुदीपण बरोबरीचं आहे असं जाहीर करावं लागलं. आपल्यासारखी आहेत म्हणून मला जवळची वाटणारी माणसं तिथे आपल्यासारखी नाहीत म्हणून परकी ठरली होती. फूटपट्टी एकच, फक्त हात वेगळे.

मालेगावात असा आरसा हाताशी नव्हता. बदलीची ऑर्डर आली तेव्हा घरात सुतकी शांतता पसरली. एक नातेवाईक तर म्हणाले, "आत्ता जा, पण वहिनींना आणि मुलांना नेऊ नकोस." मी नेलं नाही. कारण शाळेचं सांगितलं.

गावाचा पहिला परिचय आवाजाचा होतो. गल्लीबोळांतून पॉवरलूमची खडखड चाललेली, आणि लाईट गेली की अचानक सगळं गप्प होऊन माणूस झोपेतून दचकून उठतो. घराघरांत बायका कांड्या भरत बसलेल्या. 1857 नंतरच्या काळात आजच्या उत्तर प्रदेशातून आलेल्या मुसलमान विणकरांचे हे वंशज. माग शुक्रवारी बंद, बँक रविवारी. त्यामुळे वसुलीला शुक्रवारी दुपारनंतर निघायचं, हे तिथलं पहिलं शहाणपण.

तिथे काही एके दिवशी माझे डोळे वगैरे उघडले नाहीत. झालं ते फार किरकोळ आणि कामकाजाचं. एक म्हातारे चाचा दर सहा महिन्यांनी पासबुक घेऊन यायचे आणि म्हणायचे, "साहब, ब्याज अलग लिखके दो." बचत खात्यावरचं व्याज त्यांना हराम. ते त्यांनी कधी खर्चात धरलं नाही. तेवढी रक्कम काढायची आणि पुण्याची अपेक्षा न ठेवता कुठल्यातरी सार्वजनिक कामाला द्यायची. शौचालय दुरुस्तीला चालेल, मशिदीला नाही. मी एका चिठ्ठीवर आकडा लिहून द्यायचो. रुपया-पैशासह. ते चिठ्ठीची घडी करून टोपीखाली ठेवायचे. आणि त्यांचाच पुतण्या, त्याच गल्लीतला, नव्या मागांसाठी कर्ज मागायला यायचा. 1999 मध्ये केंद्राची तंत्रज्ञान उन्नयनाची योजना आली होती, व्याजात 5 टक्के परतावा मिळायचा. तो परतावा पदरात पडेपर्यंत या गड्याने माझा पिच्छा सोडला नाही. काका व्याजाला हात लावत नाही आणि पुतण्या व्याजाचा अर्धा टक्काही सोडत नाही. मी एकदा हसत म्हटलं, "चाचा तो ब्याज को छूते नहीं!" तो म्हणाला, "साहब, उनका हिसाब ऊपर है, मेरा आपके पास."

'ते लोक' म्हणून मनात जो एक गठ्ठा बांधलेला होता, तो अशा खातेवह्यांतून सुटत गेला. बाहेरून आलेले मोमीन आणि इथले दखनी यांच्यातल्या कुरबुरी, एका मशिदीचा दुसरीशी न पटणारा पंथ, मुलीला डी.एड.ला घालायचं की लग्न करायचं यावरून घरात पेटलेली भांडणं. सगळं आपल्याकडे चालतं तसंच, आणि बऱ्याच बाबतीत तसं अजिबात नाही. जे माझ्यासारखं नव्हतं, तेही मला समजू शकत होतं.

इथे थांबता आलं असतं तर लेख छान झाला असता.

2006 च्या सप्टेंबरात, एका शुक्रवारी, शबे-बारातच्या दिवशी, मालेगावच्या बडा कब्रस्तानाजवळ स्फोट झाले. तीसहून जास्त माणसं गेली. मी तोवर पुण्याला आलो होतो. ओळखीच्यांना फोन लावत बसलो, ते सगळं खरं. पण पुढे अटका झाल्या, पकडलेले तरुण मुसलमान होते, आणि मी पेपर वाचून पान उलटलं. शुक्रवार त्यांचा, कब्रस्तान त्यांचं, मेलेली माणसं त्यांची, तरीही 'कशावरून?' हा शब्द माझ्या मनात उमटला नाही. त्या गल्ल्यांतून मी रात्री-अपरात्री फिरलेला. ज्यांनी मालेगाव नकाशातसुद्धा पाहिलं नव्हतं, त्यांनी मान डोलावली आणि मीही डोलावली. 2016 मध्ये विशेष न्यायालयाने त्या तरुणांना आरोपमुक्त केलं. तोवर त्यांच्या आयुष्यातली कित्येक वर्षं गेली होती.

मग मालेगावने मला दिलं काय? चाचा दिले, पुतण्या दिला, आणखी पुष्कळ माणसं दिली. आणि मनाने काय केलं, तर त्या प्रत्येकाला अपवादाच्या खात्यात जमा केलं. मूळ समजूत तशीच, फक्त अपवादांची यादी लांबलेली. भेटण्याने माणसं कळतात यावर माझा अजूनही विश्वास आहे. न भेटलेल्या माणसाबद्दल मन काय करतं, ते मात्र नुसत्या भेटण्याने बदलत नाही. ते रोज बसून तपासावं लागतं आणि तो उद्योग कंटाळवाणा आहे.

गेल्या वर्षी आमच्या सोसायटीत त्या पुतण्याच्या मुलाने भाड्याने फ्लॅट बघितला. मुलगा हिंजवडीत नोकरीला, बायको डॉक्टर, तान्हं मूल. मालकाची हरकत नव्हती. मीटिंगमध्ये मात्र घसे खाकरले गेले. कुणी पाहुण्यांच्या वर्दळीबद्दल बोललं, कुणी वासाबद्दल. स्पष्ट कुणीच काही म्हणेना. मी उभा राहिलो आणि म्हणालो, "मी या घराला ओळखतो. अत्यंत सज्जन माणसं आहेत. माझी हमी." विषय तिथेच मिटला. सेक्रेटरींनी हात मिळवला. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

रात्री मात्र जुनं काम आठवलं. बँक जामीनदार कधी मागते? कर्जदाराच्या एकट्याच्या नावावर विश्वास टाकायची तयारी नसते तेव्हा. आमच्या इमारतीत आजवर कुणाच्या सज्जनपणाची हमी कुणी घेतलेली नाही, वरच्या मजल्यावर पहाटेपर्यंत गाणी लावणाऱ्या पोरांचीसुद्धा नाही. मीटिंगमध्ये कुणी जामीनदार मागितलाही नव्हता. मी आपण होऊन सही केली, म्हणजे यांच्यासाठी जामीन लागतो हे सगळ्यांच्या वतीने मान्य करून टाकलं. त्या मुलाला याचा अंदाज असणार. "थँक्यू, अंकल," एवढंच तो म्हणाला होता.

पुढच्या महिन्यात बी विंगमधला फ्लॅट रिकामा होतोय. एजंटने आणलेलं कुटुंब भिवंडीचं आहे. मी त्यांना ओळखत नाही, त्यांच्या काकांनाही नाही. विषय मीटिंगला येणार हे सेक्रेटरींनी आधीच सांगून ठेवलं आहे, आणि वर म्हणाले, "तुमची काही ओळख निघते का बघा."

नाही निघत, असं मी त्यांना कळवलं. मीटिंगला येतो आणि बोलतो, असंही कळवलं.