शेवटचें घर

संध्याकाळीं घारापुरीहून मुंबईकडे शेवटची लाँच निघाली म्हणजे पाहुणे परततात आणि गांव मागें राहतें. पाहुण्यांनीं सहाव्या शतकाच्या सुमारास खोदलेलीं लेणीं पाहिलेलीं असतात, सदाशिवाच्या त्या भव्य त्रिमुखी मूर्तीपुढें घटकाभर ते स्तब्ध झालेले असतात. त्याच बेटावर राजबंदर, मोरबंदर व शेतबंदर अशा तीन वस्त्या आहेत, तेथें सुमारें हजार-बाराशें माणसें राहतात, त्यांचीं मुलें शिकतात, त्यांचे वृद्ध आजारी पडतात, हें त्यांपैकीं फारच थोड्यांच्या ध्यानीं येतें.

आम्ही राहणारे श्रीगोंद्याचे. समुद्र आमच्यापासून सह्याद्रीच्या पलीकडे. पाऊसदेखील तो घाट ओलांडतांना बहुतेक रिकामा होऊनच आमच्याकडे येतो. अशा कोरड्या मुलखांतील मनुष्यानें बेटाची चिंता वाहावी, हें वाचकांस कदाचित् विचित्र वाटेल. परंतु बेट ठरण्यास भोंवतीं पाणीच हवें असें नाहीं. जेथवर कांहीं पोहोंचविणें इतरांस गैरसोयीचें वाटतें, तें प्रत्येक ठिकाण बेटच होय, असें आम्हांस वाटतें.

घारापुरीची कथा थोडक्यांत अशी. समोर ट्रॉम्बे येथें १९५६ सालीं देशांतील पहिली अणुभट्टी सुरू झाली. १९८७ सालीं युनेस्कोनें लेण्यांस जागतिक वारशाचा मान दिला. १९८९ सालीं पूर्वेच्या बाजूस न्हावाशेव्याचें मोठें बंदर उघडलें. ह्या सर्व काळांत बेटावरील लोक रात्रीं कांहीं तास डिझेलच्या जनित्रावर दिवे लावीत, आणि तें थांबलें म्हणजे अंधारांत बसून चहूंकडचा झगमगाट पाहात. अखेर २०१८ सालच्या फेब्रुवारींत, समुद्राच्या तळाशीं सुमारें ७.५ किलोमीटर लांबीची तार टाकून, तेथें कायमची वीज आली. ह्या कामास सुमारें २५ कोटि रुपये लागले.

येथें एखादा हिशेबी गृहस्थ विचारील, "म्हणजे माणशीं दोन लाखांच्या वर खर्च झाला! इतक्या द्रव्यांत किनाऱ्यावरील किती गांवांचें कल्याण झालें असतें! त्यापेक्षां हीं दोन-तीनशें घरें इकडेच आणून वसविलीं असतीं तर?" हा प्रश्न हंसण्यावारी नेण्यासारखा नाहीं. समाजाचें द्रव्य अमर्याद नसतें, आणि प्रत्येक बेटावर मोठें रुग्णालय किंवा महाविद्यालय काढतां येणार नाहीं, हें उघड आहे. कोठें तरी मर्यादा घालावीच लागते. ती कोणत्या तत्त्वावर घालावयाची, एवढाच वाद आहे.

डोकीं मोजून ती घालूं लागलों, तर मोजणी कोठें थांबावयाची? बेटामागून डोंगरावरचा पाडा, पाड्यामागून शिवारांतील वस्ती, आणि वस्तीमागून गांवाबाहेरचें एकटें घर. प्रत्येक वेळीं शेवटचा मनुष्य महागच पडणार. कारण तो शेवटचा आहे. म्हणून आम्हांस निराळी कसोटी योग्य वाटते. ज्या वस्तूंवांचून राहावें कीं जावें ह्याची निवडच मनुष्याच्या हातीं उरत नाहीं, त्या वस्तु त्यास मिळाल्याच पाहिजेत. दिवा, पिण्याचें पाणी, मुलांची शाळा, आजाऱ्यास वेळेवर पैलतीरीं नेण्याची सोय, ह्या त्या वस्तु होत. ह्या मिळूनही एखादा तरुण बेट सोडून गेला, तर तें त्याचें स्थलांतर. ह्या न मिळाल्यामुळें गेला, तर तें त्याचें निर्वासन. दोघांची होडी एकच असते, परंतु दुसऱ्या प्रवासाचा दोष किनाऱ्यावर बसलेल्यांकडे येतो.

वीज आल्यानें बेटावरील साधें जीवन नासेल, असें म्हणणारे रसिकही आम्हांस भेटले आहेत. त्यांस आमची एकच विनंति आहे. त्यांनीं परतीची लाँच सोडून द्यावी, आणि पावसाळ्यांतील एक महिना तेथें काढून मग साधेपणाची स्तुति करावी.

परंतु दुसऱ्यांस उपदेश करतांना आमचेंही एक देणें सांगितलें पाहिजे. कुकडीचा डावा कालवा जुन्नरकडून निघून पारनेर, श्रीगोंदें, कर्जत असा करमाळ्याकडे जातो. आवर्तन सुटलें कीं वरच्यांनीं आमचें पाणी अडविलें म्हणून आम्ही त्यांस बोल लावतों. अशाच एका उन्हाळ्यांत आमची पाळी संपल्यावरही चारीचें दार मोकळें राहिलें होतें. आम्हीं तें पाहिलें. ऊंस तहानलेला होता. 'उद्यां बंद करूं' असें म्हणून आम्ही घरीं आलों. खालच्या शिवारांत त्या रात्रीं कोण वाट पाहात बसलें असेल, ह्याचा विचार आमच्या मनास शिवला नाहीं. वरच्यांच्या दृष्टीनें आम्ही बेट होतों. खालच्यांच्या दृष्टीनें आम्हीच तो निश्चिंत किनारा होतों. अन्याय सोसला म्हणजे मनुष्य आपोआप न्यायी होतो, हा आमचा भ्रम त्या दारापाशीं फिटला.

२०२४ सालच्या जानेवारींत शिवडीपासून न्हावाशेव्यापर्यंतचा सुमारें २२ किलोमीटरांचा सागरी पूल खुला झाला. तो घारापुरीच्या उत्तरेकडून निघून जातो. बेटास मात्र होडीच. त्याच वर्षाच्या डिसेंबरांत घारापुरीकडे निघालेली एक प्रवासी नौका अपघातांत बुडाली व अनेकांनीं प्राण गमावले. ज्या वाटेनें पाहुणा वर्षांतून एकदां जातो, ती बेटकऱ्याची रोजची वाट आहे. तेव्हां दिवा लागला म्हणून देणें फिटलें असें कोणी समजूं नये.

अशा गांवांचें भवितव्य काय, असें आम्हांस कोणी विचारतात. तीं टिकतील कीं ओस पडतील, हें तेथील मुलांनीं ठरवावें. तें त्यांस मोकळेपणानें ठरवितां यावें, एवढें पाहणें आमचें काम. त्यांतील आमच्या वांट्याचें काम आमच्या शेताच्या कडेलाच आहे; पाळी संपली कीं उठून चारीचें दार लावावयाचें.