द्वारपालाची साक्ष

दुसऱ्याच्या सांगण्यावरून जे कळते त्याला ज्ञान म्हणावे काय, आणि म्हणावे तर ते कोणत्या अधिकाराने, या प्रश्नाचा आपल्या दर्शनकारांनी शतकानुशतके खल केला आहे. चार्वाकाने प्रत्यक्षापलीकडे काही मानले नाही. वैशेषिकांनी आणि दिङ्नागापासूनच्या बौद्ध तार्किकांनी प्रत्यक्षाच्या जोडीला अनुमान घेतले, पण शब्दाला, म्हणजे दुसऱ्याच्या सांगण्याला, अनुमानाच्याच पोटात घातले. सांख्यांनी शब्दाला स्वतंत्र आसन दिले, नैयायिकांनी उपमानासह चार प्रमाणे मानली, आणि भाट्ट मीमांसकांनी व अद्वैत्यांनी ती संख्या सहावर नेली. हा वाद केवळ पाठशाळेतला बुद्धिविलास नव्हता. ज्याला आपण धर्म म्हणतो त्याचा फार मोठा भाग आपण पाहिलेला नसून ऐकलेला आहे. त्यामुळे ऐकण्याचे प्रामाण्यच ढासळले तर श्रद्धा निराधार होते, आणि ऐकलेले सारेच प्रमाण ठरले तर भोंदूचा शब्द व ऋषीचा शब्द यांत काही अंतर उरत नाही. या जुन्या प्रश्नाचे एक अगदी नवे उदाहरण आज संगणकाच्या कारभारात क्षणोक्षणी घडत आहे, आणि त्याचा नीट विचार केल्यास श्रद्धेच्या प्रश्नावरही प्रकाश पडतो, असे मला मनापासून वाटते.

सर्व्हर म्हणून अहोरात्र राबणाऱ्या संगणकाची प्रकृती कशी आहे हे दाखवणारा एक डॅशबोर्ड पुष्कळदा त्याच यंत्रावर चालवतात, आणि २०१४ साली प्रसिद्ध झालेली ग्राफाना ही आज्ञावली या कामी जगभर वापरली जाते. प्रोसेसरवर भार किती, मेमरी किती व्यापली, डिस्कवर जागा किती उरली, कोणती सेवा केव्हा मंदावली, हा सारा तपशील ती आलेखांच्या रूपाने मांडते. मुद्दाम वेगळे सांगितले नाही तर ती ३००० क्रमांकाच्या पोर्टवर बसते आणि साध्या, उघड्या एचटीटीपीने बोलते. अशा दप्तराचे दार थेट रस्त्यावर उघडे ठेवणे शहाणपणाचे नाही, कारण यंत्र कोठे दुर्बल आहे ही माहिती धन्याला जितकी उपयोगी तितकीच चोरालाही. म्हणून ग्राफानाला १२७.०.०.१ या, यंत्राबाहेर कधीही न जाणाऱ्या अंतर्गत पत्त्यावर बसवतात आणि तिच्यापुढे एन्जिन-एक्ससारखा वेब सर्व्हर रिव्हर्स प्रॉक्सी म्हणून उभा करतात. इगोर सिसोएव्ह या रशियन अभियंत्याने २००४ साली सर्वांना खुला केलेला हा सर्व्हर एकाच वेळी दहा हजार जोडण्या सांभाळता याव्यात या ईर्ष्येतून जन्मला. येथे मात्र त्याच्याकडे जुन्या वाड्याच्या देवडीवरील द्वारपालाचे काम येते. ४४३ क्रमांकाच्या पोर्टवर आलेल्याचे कूटबद्ध बोलणे तो उलगडतो, परवलीचा शब्द तपासतो, नको त्यास मज्जाव करतो, आणि ज्यास मुभा आहे त्याची वर्दी आत पोहोचवतो.

या व्यवस्थेने सुरक्षितता वाढते हे तर उघडच आहे. परंतु आत बसलेल्याच्या ज्ञानाचे स्वरूपच तिने पालटते, ही गोष्ट मला अधिक विचार करण्याजोगी वाटते. द्वारपाल नव्हता तेव्हा भेटीस आलेल्याचा पत्ता ग्राफानाला जोडणीवरूनच कळत असे, आणि उत्तर त्या पत्त्यावर जाऊन तेथून पोच आल्याखेरीज टीसीपीची जोडणी पुरी होत नसल्यामुळे हे कळणे प्रत्यक्षाच्या फार जवळचे होते. द्वारपाल मध्ये आल्यावर मात्र प्रत्येक जोडणी १२७.०.०.१ या एकाच पत्त्यावरून येते. पुण्याहून आलेला, टोकियोहून आलेला आणि चोरीच्या इराद्याने आलेला, असे सारे जोडणीच्या दृष्टीने एकरूप होतात. हा अंधार दूर करण्यासाठी द्वारपाल प्रत्येक अर्जाच्या माथ्यावर एक्स-फॉरवर्डेड-फॉर नावाची एक ओळ लिहितो आणि खरा आगंतुक अमुक पत्त्यावरचा आहे असे कळवतो. म्हणजे प्रत्यक्षाची जागा शब्दाने घेतली. आत बसलेल्याने यापुढे कोणाला पाहावयाचे नाही. त्याने केवळ ऐकावयाचे आहे.

आता ओळ ही शेवटी अक्षरांची बनलेली असते आणि अक्षरे कोणीही लिहू शकतो. आगंतुक घरूनच अशी एक खोटी ओळ लिहून आणू शकतो, आणि एन्जिन-एक्सच्या प्रचलित मांडणीत द्वारपाल ती पुसून न टाकता तिच्या शेवटी आपण पाहिलेला पत्ता तेवढा जोडतो. परिणामी आत पोहोचलेल्या ओळीत डावीकडे आगंतुकाची स्वतःविषयीची बतावणी असू शकते आणि अगदी उजवीकडे द्वारपालाने स्वतः पाहिलेली वस्तुस्थिती असते. जो कारभारी डावीकडचा पहिला पत्ता मूळ मानून त्यावर विसंबतो, तो फसतो. सुज्ञ कारभारी उजवीकडून वाचण्यास आरंभ करतो; ज्या द्वारपालाला आपण स्वतः नेमले त्याचे म्हणणे आधी घेतो, त्याने ज्याचा निर्देश केला तोही आपल्या विश्वासातील द्वारपाल असेल तरच एक पाऊल मागे जातो, आणि ओळख संपते तेथे थांबतो. अशा ओळींचे प्रमाणीकरण करणाऱ्या २०१४ च्या आरएफसी ७२३९ या दस्तऐवजातही त्यांतील मजकूर आपोआप खरा धरता येत नाही असा इशारा दिलेला आहे.

याहून गंभीर प्रसंग ओळखीचा आहे. माणूस कोण हे द्वारपालानेच ठरवावे आणि एक्स-वेबऑथ-यूजर या ओळीत त्याचे नाव लिहून आत पाठवावे, अशीही सोय ग्राफानात आहे. मग ती दुसरा परवलीचा शब्द न विचारता त्या नावाच्या माणसाला त्याचे सारे अधिकार देते. येथे ग्राफानाची वृत्ती मीमांसकाची आहे. भाट्ट मीमांसेचे आचार्य कुमारिल यांच्या मते ज्ञान उपजतच प्रमाण असते, आणि बाधक ज्ञान पुढे आले किंवा कारणातला दोष उघड झाला तरच ते अप्रमाण ठरते. हे मत भोळेपणाचे नव्हे. प्रत्येक ज्ञानाला दुसऱ्या ज्ञानाचा दाखला मागत गेले तर अनवस्था ओढवते. द्वारपालाच्या स्वतःच्या प्रमाणपत्रावर दुसऱ्या संस्थेची सही असते, तिच्यावर तिसरीची, आणि शेवटी ब्राउझरने अगोदरच विश्वासार्ह मानून ठेवलेल्या मूळ प्रमाणपत्रांच्या यादीशी येऊन ही मालिका थांबते. कोठेतरी थांबावेच लागते. परंतु ३००० क्रमांकाचे पोर्ट चुकून बाहेरूनही उघडे राहिले, तर कोणीही देवडी चुकवून थेट आत येऊ शकतो, त्याच ओळीत मुख्य व्यवस्थापकाचे नाव लिहू शकतो आणि मालक होऊ शकतो. म्हणूनच कोणत्या पत्त्यावरून आलेली ही ओळ ग्राह्य धरावी याची वेगळी यादी देण्याची तरतूद ग्राफानात केलेली आहे.

नैयायिकांनी मीमांसकांच्या उलट बाजू घेतली. ज्ञानाचे प्रामाण्य मागाहून, प्रवृत्ती सफल झाल्यावर अनुमानाने कळते, असे त्यांचे म्हणणे. दूरवर पाणी दिसले, जवळ जाऊन प्यालो, तहान भागली, म्हणून ते ज्ञान खरे. व्यवहारात ही कसोटी बहुधा पुरते. पण उघड्या राहिलेल्या त्या पोर्टापुढे ती हतबल होते, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. खऱ्या व्यवस्थापकाला आलेख दिसतात तसे तोतयालाही दिसतात. दोघांचीही प्रवृत्ती सारखीच सफल होते. फळावरून येथे काहीच निवडता येत नाही. धर्माच्या क्षेत्रातही नेमके हेच घडते. अमुक महाराजांच्या उपदेशाने चित्त शांत झाले, नवसाला फळ आले, घरातली चिंता मिटली, एवढ्यावरून त्यांचे वचन सत्य ठरवणारी माणसे आपण पाहतो. परंतु चित्ताची शांती सत्यवचनाने मिळते तशी गोड असत्यानेही काही काळ मिळते. म्हणून फळाच्या अलीकडे जाऊन कारणाची परीक्षा केली पाहिजे.

ती कशी करावी याचे उत्तर न्यायदर्शनातच आहे. शब्द प्रमाण होतो तो आप्ताचा, आणि वात्स्यायनांच्या भाष्यानुसार आप्त तो, ज्याला वस्तूचा साक्षात्कार झाला आहे, जसे पाहिले तसेच सांगण्याची ज्याची इच्छा आहे आणि जो सांगण्यास समर्थ आहे. हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेच्छ या सर्वांना समान लागू आहे, असे त्यांनी त्या काळी स्पष्ट म्हणून ठेवले. आप्तत्व कुळावर नव्हे, पाहण्यावर आणि सांगण्यावर ठरते, या उदार विचाराचा मला अभिमान वाटतो. या तिन्ही अंगांनी द्वारपालाकडे पाहावे. आगंतुकाची जोडणी त्याच्याच हातात असल्यामुळे त्याला साक्षात्कार आहे. आतली सेवा बंद असेल तर तो ५०२ हा आकडा सांगून मोकळा होतो, आपल्या पदरचे काही घालून आलेख रचत नाही. म्हणजे यथार्थ सांगण्याची निष्ठाही आहे. सामर्थ्याची बाब मात्र तितकी सोपी नाही. डिसेंबर २०२१ मध्ये ग्राफानाच्या ८.० मालिकेपासून ८.३.० पर्यंतच्या आवृत्त्यांत एक दोष उघडकीस आला. पत्त्यात वरच्या कप्प्याकडे नेणाऱ्या ठिपक्यांची वाकडी वाट लिहिली असता ग्राफाना यंत्रावरील भलत्याच फाइली वाचून दाखवी. पुढचा द्वारपाल ती वाट सरळ करून मगच आत पाठवत असेल तर हल्ला निष्फळ होई. जसे आले तसे पुढे ढकलत असेल तर पहारा असूनही नसल्यासारखाच. एन्जिन-एक्सच्या बाबतीत तर हा फरक आज्ञेच्या शेवटी एक तिरपी रेघ आहे की नाही, एवढ्यावरही अवलंबून असू शकतो. साक्षीदार प्रामाणिक असून भागत नाही. आपण काय वाहून नेत आहोत हे त्याला उमगावे लागते.

सांगणाऱ्याच्या ठायी संभवणारे भ्रम, प्रमाद, विप्रलिप्सा आणि करणापाटव (इंद्रियांची अकुशलता) असे चार दोष शास्त्रकारांनी मोजले आहेत. यंत्राला फसवण्याची इच्छा, म्हणजे विप्रलिप्सा, नसते. पण ती रेघ विसरणारा, ते पोर्ट उघडे ठेवणारा, ती यादी न भरणारा माणूस असतो, आणि त्याचा प्रमाद यंत्राच्या तोंडून सत्याच्या थाटात बोलतो. वेद अपौरुषेय, म्हणून त्यांत वक्त्याचा दोष संभवतच नाही, असे मीमांसकांनी मानले. यंत्राच्या शब्दाला ही पळवाट नाही, कारण त्याच्या प्रत्येक ओळीमागे कोणीतरी माणूस उभा आहे. बौद्ध तार्किकांचे म्हणणे येथे आठवते. सर्व्हरच्या कारभाऱ्याचा विश्वास खरोखर अनुमानच आहे: या मार्गाने जे जे आले ते ते द्वारपालाने तपासलेले असते, अशी व्याप्ती, म्हणजे अटळ साहचर्याचा नियम, त्याने घडवली आहे, आणि उघडे पोर्ट म्हणजे त्या व्याप्तीचा व्यभिचार, त्या नियमाला पडलेला अपवाद. आत बसलेल्याला शब्द पुरतो, कारण बाहेर उभ्या असलेल्या कोणीतरी त्या शब्दाचा मार्ग अनुमानाने शोधून, तपासून, बंदिस्त केलेला असतो. शब्दाला स्वतंत्र मानणारे आणि त्याला अनुमानात घालणारे, अशी दोन्ही दर्शने खरी आहेत. ती दोन वेगळ्या जागी उभी आहेत.

साक्षीची अशीच साखळी गुरुपरंपरेतही असते. ज्ञानेश्वरीच्या अठराव्या अध्यायाच्या अखेरीस ज्ञानेश्वर आपली परंपरा सांगतात: आदिनाथ, मत्स्येंद्रनाथ, गोरक्षनाथ, गहिनीनाथ, निवृत्तिनाथ आणि मग ते स्वतः. या मालिकेत ज्ञानेश्वरांनी ज्यांच्याकडून साक्षात ऐकले ते एकटे निवृत्तिनाथ. गहिनीनाथ निवृत्तिनाथांच्या शब्दातून, आणि त्यांच्या मागचे मत्स्येंद्रापर्यंतचे सारे साखळीतून. शिष्याने डावीकडून, आदिनाथाच्या नावापासून, विश्वास ठेवण्यास आरंभ करावा अशी ही मांडणी नाही, कारण आदिनाथाचे नाव तर कोणीही घेऊ शकतो, आणि घेणारे पुष्कळ निघालेही. आरंभ उजवीकडून, जवळच्या, आपण पारखलेल्या, ज्याच्या आचरणाचा आपल्याला सहवास घडला अशा गुरूपासून होतो, आणि त्याच्या यथार्थतेच्या बळावर विश्वास एकेक पाऊल मागे सरकतो.

कोणी म्हणेल की परमार्थ हा काही संगणकाचा पत्ता नव्हे, आणि ईश्वराची वार्ता तपासण्यास आपल्यापाशी साधन नाही. हे खरे आहे; वार्तेचा विषय आपल्या आटोक्यात नाही. पण वार्तेचा मार्ग आटोक्यात असतो. सांगणाऱ्याने ती कोणाकडून घेतली, त्यात त्याचा लाभ कोणता, जशी घेतली तशी दिली की सोयीने वाकवली, आणि प्रश्न विचारणाऱ्याला तो सामोरा गेला की त्याने दटावले, हे चार प्रश्न अत्यंत भाविक मनुष्यालाही विचारता येतात, आणि ते विचारल्याने श्रद्धा मलिन होत नाही. उलट ज्याने मार्गाची खातरजमा केली, त्यालाच वचनावर निःशंक विसंबता येते. श्रद्धा आणि परीक्षा यांना परस्परांच्या वैरिणी समजण्याची चूक आपल्या समाजाला फार महाग पडली आहे; एका पक्षाने परीक्षा टाकून अंधत्व घेतले, दुसऱ्याने श्रद्धा टाकून एकटेपणा. वास्तविक परीक्षा मार्गाची करावयाची आणि श्रद्धा त्या मार्गाने आलेल्या वचनावर ठेवावयाची, अशी ही कामाची वाटणी आहे. पहिले काम एकदा करून संपत नाही. पोर्ट आज बंद असले तरी उद्या कोणाच्या हलगर्जीपणाने उघडेल, गुरूचा वारस गुरूइतका निर्लोभी असेलच असे नाही. म्हणून ज्यांच्या शब्दावर इतर लोक विसंबतात, त्या साऱ्यांवर, मग ते सर्व्हरचे कारभारी असोत की धर्माचे, आपला मार्ग वारंवार तपासून घेण्याचे आणि दुसऱ्याला तपासू देण्याचे ऋण आहे. ते जो फेडत नाही, त्याला श्रद्धा मागण्याचा अधिकार नाही.