संशयाची पाळत

जोडीदार दुरावेल ही भीती प्रेमात पडलेल्या बहुतेकांना कधी ना कधी वाटतेच, आणि तेवढ्याने कोणी हिंसक ठरत नाही. त्या भीतीपोटी माणूस काय करतो, हे महत्त्वाचे. कोणी बोलून मोकळे होते, कोणी पाळत ठेवू लागते. आधी लाइव्ह लोकेशन मागितले जाते. मग कॉलेजच्या ग्रुपवरचा फोटो दाखवून ‘खांद्यावर हात कोणाचा?’ अशी उलटतपासणी होते, आणि शेवटी फोनचा पासवर्ड हाच प्रेमाचा पुरावा ठरतो. रोजची कटकट नको म्हणून समोरची व्यक्ती एकेक मैत्री तोडत जाते. अजून कोणी हात उगारलेला नसतो, पण ताबा मिळालेला असतो.

‘जरा पझेसिव्ह आहे, पण जीव लावतो’ ही मैत्रिणींची समजूत इथे घातक ठरते. संशयाला पुरावा लागतच नाही. नाटककार देवलांनी ज्यावरून ‘झुंझारराव’ लिहिले त्या शेक्सपिअरच्या ‘ऑथेल्लो’त एक रुमाल पुरतो. पहिल्या थपडेनंतर रडून माफी मागितली जाते, काही दिवस लाड होतात, मग पुन्हा ताण वाढतो. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ लेनोर वॉकर यांनी हे चक्र १९७९ मध्ये मांडले. लाडाचे दिवस खरे वाटतात, म्हणून पाय निघत नाही. पाळत मुलीही ठेवतात, हातही उचलतात. पण गंभीर इजा आणि मृत्यू प्रामुख्याने स्त्रियांच्याच वाट्याला येतात. सर्वाधिक धोका असतो तो नाते तोडताना.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या अहवालानुसार, नात्यात असलेल्या वा राहिलेल्या १५ ते १९ वयाच्या मुलींपैकी सुमारे २४ टक्के मुलींनी जोडीदाराकडून शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसली आहे. आपल्याकडे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणातला नेहमी उद्धृत होणारा आकडा पतीकडून होणाऱ्या हिंसेचा. लग्नाआधीची नाती त्यात येत नाहीत. कौटुंबिक हिंसाचाराचा २००५ चा कायदा लग्नासारख्या सहजीवनालाही संरक्षण देतो, मात्र वेगवेगळ्या घरांत राहणारे प्रेमिक सहसा त्याबाहेर राहतात. अशा मुलीला भारतीय न्याय संहितेचे कलम ७८ उपयोगी पडते. पुरुषाने स्त्रीचा पाठलाग करणे किंवा तिच्या इंटरनेट व ईमेलच्या वापरावर नजर ठेवणे हा त्याखाली गुन्हा असून, पहिल्या वेळी ३ वर्षांपर्यंत आणि पुन्हा केल्यास ५ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.