मधलं नाव

बार्शीटाकळीत अनोळखी पोरगी दिसली की म्हाताऱ्या बाईचा प्रश्न ठरलेला, ‘कोनाची वं तू?’ उत्तरात बापाचं नाव द्यायचं. तेच नाव टीसीवर, मार्कशीटवर, लग्नाच्या बायोडाट्यात, आणि पोरीच्या स्वतःच्या नावाच्या मधोमध.

आता समजा, पन्नाशीतले वडील एके दिवशी म्हणाले, आपण बाई आहोत, आजवर कसंतरी रेटत आलो. कॉलेजात शिकणाऱ्या पोरीनं काय करावं? तिनं लगेच समजून घ्यावं, असं शहाणी माणसं सांगतात. मला ही घाई पटत नाही. अमेरिकी लेखिका सुझन फालुदी स्वतः नावाजलेली स्त्रीवादी. वडिलांनी 76 व्या वर्षी लिंगबदलाची शस्त्रक्रिया करून घेतल्याचं तिला 2004 मध्ये ईमेलनं कळलं. त्यावरचं ‘इन द डार्करूम’ हे पुस्तक यायला 2016 उजाडलं. बाप बाई झाला एवढंच तिला खुपलं नव्हतं. लहानपणी घरात दहशत घालणाऱ्या बापाचा हिशेब बाकी होता. पोरांचा राग दरवेळी लिंगबदलावरच असतो असं नाही. आणि बापानं उशिरा का होईना खरं सांगितलं, म्हणून जुना हिशेब मिटतही नाही.

आपल्याकडे ट्रान्स कार्यकर्त्या गौरी सावंत यांचं मातृत्व जाहिरातीतून घरोघरी पोचलं. लिंगबदल करून घेतलेले माजलगावचे पोलीस ललित साळवे 2024 मध्ये बाप झाले, त्याचंही कौतुक झालं. पण या दोन्ही घरांत लेकरू नंतर आलं. आधी लेकरू, मग बदल, अशा घराची गोष्ट आपल्या पेपरात क्वचितच येते.

कायद्यालाही ते घर दिसलेलं नाही. 2019 च्या ट्रान्सजेंडर कायद्यानं जिल्हाधिकाऱ्यांच्या प्रमाणपत्रावर स्वतःच्या कागदांत नाव बदलायची वाट करून दिली. लेकरांच्या कागदांबद्दल तो गप्प. ट्रान्स लेकराला आईबापांपासून तोडू नये, एवढं त्याला सुचलं. म्हणजे त्याच्या लेखी ट्रान्स माणूस कुणाचं तरी लेकरूच. केरळात जहाद आणि झिया या ट्रान्स जोडप्याला बाळाच्या दाखल्यावर आई-बाप ऐवजी नुसतं ‘पालक’ लिहून घ्यायला हायकोर्टापर्यंत जावं लागलं. निकाल 2025 मध्ये लागला. ते बाळ निदान लहानपणीच सुटलं. इथल्या पोरीची जात पडताळणीची फाइल तर सहसा बापाकडच्या पुराव्यांवर उभी. महाराष्ट्रानं नावात आईचं नाव घातलं, तेही 1 मे 2024 पासून जन्मलेल्यांपुरतं.

त्या पोरीनं जुनं मधलं नाव ठेवलं तर तो बापाचा अपमान होत नाही, असं मला वाटतं. ते नाव तिचंही आहे. सरकारनं मात्र दोन्ही नावांची व्यक्ती एकच, आणि ती हिची पालक, एवढी एक ओळ सही-शिक्क्यानिशी द्यावी. नाहीतर प्रत्येक खिडकीवर घरातली गोष्ट त्या पोरीलाच सांगावी लागते, आणि मागं रांगेत गावातलेच चार जण कान देऊन उभे असतात.