सकाळच्या प्लेटचा हिशेब

धाराशिवच्या बसस्थानकाबाहेर आणि कळंब-तुळजापूरच्या रस्त्यांवर भल्या सकाळी नाश्त्याच्या गाड्या लागतात. कामाच्या शोधात निघालेले मजूर, कॉलेजची पोरं, कोर्टकचेरीसाठी गावाहून आलेले शेतकरी यांची न्याहारी तिथंच होते. वडापाव दहाचा पंधरा झाला, कुठं वीस. दरवाढीवर सगळेच बोलतात. मला काळजी वाटते ती प्लेटमधून गुपचूप कमी होत गेलेल्या गोष्टींची. वडा आकारानं उतरला, चटणीत खोबऱ्याऐवजी पाणी वाढलं, मुरमुऱ्यांच्या सुशीलातले शेंगदाणे शोधावे लागतात. गाडीवाल्याचाही इलाज नाही. पाच रुपये वाढवले तर गिऱ्हाईक शेजारच्या गाडीवर जातं, म्हणून तो जिन्नस कमी करतो.

सगळ्यात मोठी काटकसर कढईत होते. कालच्या तेलात आज नवं तेल ओतायचं, उद्या पुन्हा तेच. बटाट्यातलं पाणी आणि सततचा जाळ यांनी तेल फुटत जातं. ते काळं-घट्ट होतं, भजी टाकली की वर फेस धरतं आणि तळणीला जास्त चिकटतं. अशा तेलात तयार होणाऱ्या ‘टोटल पोलर कंपाउंड्स’चा अंश २५ टक्क्यांवर गेला की ते वापरू नये, असा नियम १ जुलै २०१८ पासून आहे. पण वापराची नोंद ठेवण्याची सक्ती दिवसाला ५० लिटरहून जास्त तेल तळणीला लागणाऱ्यांवरच आहे. गाडीवरची कढई त्या हिशेबात येतच नाही.

आता या तेलाचा भाव पाहा. देशाला लागणारं निम्म्याहून अधिक खाद्यतेल बाहेरून येतं. सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्रानं कच्च्या पाम, सोयाबीन आणि सूर्यफूल तेलावरचं एकूण आयात शुल्क ५.५ वरून २७.५ टक्के केलं. इथल्या तेलबियांना भाव मिळावा, हा त्यामागचा हेतू. धाराशिव तर सोयाबीनचा जिल्हा. तेल लगेच महागलं, पण त्याच हंगामात ४,८९२ रुपये हमीभाव असलेलं सोयाबीन कितीतरी शेतकऱ्यांनी त्याहून बऱ्याच कमी भावात आडत्याला घातलं. मे २०२५ अखेर शुल्क १६.५ टक्क्यांवर आलं. सप्टेंबरात भूम-परंड्याकडे अतिवृष्टीनं उभी पिकं पाण्यात गेली. माल स्वस्तात विकून तालुक्याला आलेला शेतकरी सकाळी गाडीवर महागाचं, तेही जळकं तेल खातो. हे मला अन्यायाचं वाटतं, आणि त्याचा दोष गाडीवाल्यावर टाकणं सोपं असलं तरी खोटं आहे.

मराठवाड्याला सुशीला ठाऊक आहे. मुरमुरे भिजवून पिळायचे, फोडणीत हिरवी मिरची, कांदा, कढीपत्ता, दाणे, वरून डाळव्याचं पीठ. तेल फोडणीपुरतंच, रोज ताजं. सकाळच्या गर्दीत भज्यांच्या कढईइतकी जागा या पातेल्याला मिळायला हवी. पण तळलेलं पोटाला जास्त वेळ आधार देतं, असं उन्हात राबणारा मजूर सांगतो. त्याचं म्हणणं मोडून काढण्याचा अधिकार घरी गरम पोळी खाणाऱ्याला नाही.

सरकारनं दहा रुपयांची शिवभोजन थाळी २६ जानेवारी २०२० पासून सुरू केली. ती मिळते दुपारी. तोवर मजुराचा अर्धा दिवस सरलेला असतो. थाळी केंद्रं चालवणाऱ्यांची बिलं वेळेवर चुकती करून हीच योजना बसस्थानकांवर आणि मजूर अड्ड्यांवर सकाळी सातला सुरू करावी, उसळ-भाकरी किंवा सुशीला द्यावी. आणि लहान गाड्यांचं वापरलेलं तेल नगरपालिकेनं आठवड्याला पैसे देऊन विकत घ्यावं, म्हणजे ते ओतून देताना कुणाचा जीव तुटणार नाही.