कुठल्या मादोकाचं ऐकायचं?

श्रेयनामावली संपते आणि ‘रिबेलियन’चा शेवटचा छोटासा प्रसंग सुरू होतो. आकाशात अर्धा चंद्र, तोही मधोमध चिरल्यासारखा. कड्याच्या काठाशी एक खुर्ची. होमुरा आकेमी तिथे एकटीच नाचते, आणि मग कड्यावरून खाली झुकते. तोल गेल्यासारखी नाही, तर स्वतःला सोडून दिल्यासारखी. क्यूबे नावाचा पांढरा प्राणी चिंध्या झाल्यासारखा थरथरत पडलेला. संपलं.

ऑक्टोबर 2013मध्ये हा चित्रपट जपानमध्ये लागला, तेव्हापासून त्याचे चाहते त्याच त्या प्रश्नांचा कीस पाडत बसले आहेत. ती पडली म्हणजे मेली का? तिने घडवलेलं जग खरं आहे, की तेही तिच्याच डोक्यातलं? ज्या नियमाचा एक तुकडा तिने तोडून घेतला तो नियम अजून चालतो का? सायाकाला नेमकं किती आठवतं? नागिसा शाळेला कशी निघाली? मीही यावर रात्री जागवल्या आहेत, त्यामुळे कुणाला हसायचा मला अधिकार नाही. पण आता मला वाटतं की या प्रश्नांची उत्तरं आपल्याला एवढी हवी असतात, त्यामागे कुतूहलापेक्षा वेगळं काहीतरी असतं. त्याबद्दल लिहायचं आहे. (पुढे सगळं कथानक उघड केलं आहे. ज्यांना पाहायचं असेल त्यांनी आधी मालिका आणि मग चित्रपट पाहावा. लेख कुठे पळून जात नाही.)

‘मादोका माजिका’ ही 12 भागांची मालिका 2011च्या जानेवारीत सुरू झाली. लेखन गेन उरोबुचीचं, दिग्दर्शन आकियुकी शिनबोचं, स्टुडिओ शाफ्ट. ‘मॅजिकल गर्ल’ हा जपानी अ‍ॅनिमेतला जुना, लाडका प्रकार. शाळकरी मुलगी, बोलणारा गोंडस प्राणी, झगमगता पोशाख, शेवटी मैत्रीचा विजय. उरोबुचीने त्यातल्या गोंडस प्राण्याला पकडलं आणि विचारलं की बाबा रे, यात तुझा फायदा काय? क्यूबे मुलीची कुठलीही एक इच्छा पुरी करतो, बदल्यात तिने चेटकिणींशी लढायचं. करार होताच तिचा आत्मा शरीराबाहेर काढून एका रत्नात ठेवला जातो, हे तो सांगत नाही. रत्न पुरतं काळवंडलं की तीच मुलगी चेटकीण होते, हेही सांगत नाही. आशेची निराशा होताना जी ऊर्जा सुटते ती त्याच्या लोकांना विश्व चालू ठेवायला हवी असते. मुली जाब विचारतात तेव्हा त्याचं उत्तर तयार असतं, तुम्ही विचारलंच नाहीत. खोटं तो बोलत नाही. आपल्याकडच्या विमा एजंटांना हे वाक्य ओळखीचं वाटेल.

मालिकेच्या शेवटी मादोका कानामे, सगळं कळल्यानंतर, आपली इच्छा मागते. भूतकाळातली असो की भविष्यातली, प्रत्येक चेटकीण जन्माआधीच नाहीशी व्हावी. ती इच्छा पुरी होते आणि मादोका माणूस उरत नाही. ती एक नियम होते, चक्राचा नियम, जो प्रत्येक थकलेल्या मुलीला शेवटच्या क्षणी घ्यायला येतो. आईवडिलांनासुद्धा आपल्याला अशी मुलगी होती हे आठवत नाही. आठवतं फक्त होमुराला, जिने मादोकाला वाचवण्यासाठी काळ मागे फिरवून तोच महिना पुन्हा पुन्हा जगून काढलेला असतो. जाताना मादोका आपली लाल रिबीन तिच्याकडे ठेवून जाते.

चित्रपट सुरू होतो तो या होमुराच्या रत्नाच्या आत, पण हे तिला आणि आपल्याला बऱ्याच उशिरा कळतं. क्यूबेच्या जमातीने तिचं काळवंडत आलेलं रत्न एका कवचात बंद केलंय. तिला घ्यायला येणारा नियम कसा दिसतो ते त्यांना पाहायचंय, आणि जमलं तर काबूत आणायचंय. त्या बंदिस्त, खोट्या शहरात मादोकाही आलेली असते, मात्र स्वतः कोण आहे ते विसरून.

आता तो प्रसंग, ज्यावर माझ्या मते सगळा चित्रपट उभा आहे. पांढऱ्या फुलांच्या माळावर होमुरा मादोकाला एक वाईट स्वप्न सांगते, तू कुठेतरी फार लांब निघून गेलीस आणि माझ्याशिवाय कुणालाच तू आठवत नाहीस. सांगता सांगता रडते. मादोका तिचे केस विंचरून वेणी घालत असते. ती म्हणते, होमुराचान, तुझ्यासारखी मुलगी ज्याने रडते असं काही मला कसं सोसेल? मी सगळ्यांना सोडून अशी कधीच जाणार नाही. आणि होमुराच्या मनात काहीतरी कायमचं पक्कं होतं. म्हणजे हिला जायचंच नव्हतं. म्हणजे मी तेव्हा हिला अडवायला हवं होतं.

चित्रपटाच्या शेवटी मादोका खऱ्या रूपात तिला न्यायला येते, तेव्हा होमुरा तिचे हात पकडते आणि त्या नियमातून माणूस असलेली मादोका फाडून वेगळी काढते. नवं जग मांडते. त्यात मादोका अमेरिकेहून परत आलेली साधी शाळकरी मुलगी आहे, तिला काही आठवत नाही, आईवडील आहेत, धाकटा भाऊ आहे.

माळावर मादोका खोटं बोलली का? अजिबात नाही. शब्द तिचेच, मनापासूनचे. पण ते बोलताना ज्या माहितीच्या जोरावर तिने मूळ निर्णय घेतला होता, तीच तिच्यापाशी नव्हती. आणि खरा शब्द, पण माहिती गायब, अशी संमती या कथेत आपण आधी कुठे पाहिली? क्यूबेच्या करारात. होमुरा ज्याचा जगात सर्वात जास्त द्वेष करते, त्याच्याच पद्धतीने ती मादोकाचा होकार मिळवते. फरक इतकाच की त्याला ऊर्जा हवी होती आणि हिला मादोका सुखी हवी आहे. हा फरक लहान नाही हे मी मान्य करते. पण तो हेतूतला फरक आहे. संमतीच्या दर्जात दोघांत काडीचाही फरक नाही.

इथे तत्त्वज्ञानातलं एक गाजलेलं भांडण आठवतं. अमेरिकी तत्त्वज्ञ रोनाल्ड ड्वॉर्किनने 1993च्या पुस्तकात मार्गो नावाच्या बाईंचं उदाहरण घेतलं. त्यांना अल्झायमर झाला आहे आणि तरी त्या मजेत आहेत. पुस्तकाची पानं मिळेल तिथून वाचतात, आवडीचं सँडविच खातात, खूश असतात. समजा, बुद्धी शाबूत असताना त्यांनी लिहून ठेवलं असेल की असा आजार झाला तर मला उपचार करून जगवू नका. आणि आता न्यूमोनिया झाला. कुणाचं ऐकायचं? ड्वॉर्किन म्हणाला, आधीच्या मार्गोचं, कारण आपल्या आयुष्याला आकार देण्याची कुवत तिच्यात होती. रेबेका ड्रेसर या कायद्याच्या अभ्यासिकेने त्याला विरोध केला. समोर बसलेली, सँडविच खाणारी बाई हीच आता आपली जबाबदारी आहे, आणि तिला जगण्यात रस आहे. माझा कल तसा ड्रेसरकडे आहे. म्हणून होमुराची बाजू मला आतून कळते. समोर वेणी घालणारी मुलगी आहे, तिला घर हवंय, मैत्रिणी हव्यात. विश्वाचा नियम झालेल्या कुणा एकीच्या शब्दासाठी हिचा बळी का द्यायचा?

पण मार्गोचं विस्मरण आजाराने आलं होतं. डॉक्टर ते टिकवून धरत नव्हते. नव्या जगातल्या शाळेच्या व्हरांड्यात मादोकाला काहीतरी आठवू लागतं, डोळे सोनेरी होऊ लागतात, आणि होमुरा झडप घालून तिला घट्ट मिठीत घेते, आठवण पुन्हा बुजेपर्यंत. ज्याने दुसऱ्याच्या अजाणतेपणातून होकार घेतला, त्याला तो अजाणतेपणा मग रोज राखत बसावं लागतं. ड्रेसरची बाजू होमुराला इथवरच साथ देते.

माझी एक आत्या होती, आयुष्यभर शाळेत शिकवलेली. तिने भानावर असताना दहादा सांगितलं होतं की माझ्यामागे हे घर विकायचं नाही, खालच्या दोन खोल्यांत गावातल्या पोरांसाठी अभ्यासिका चालली पाहिजे. पुढे विसरायला लागली, आणि रोज दिवेलागणीला म्हणायची, मला नको हे घर, मला दादाकडे न्या. ज्यांना घर विकायचं होतं ते संध्याकाळच्या आत्याचा दाखला देत, ज्यांना ठेवायचं होतं ते आधीच्या आत्याचा. दोन्ही दाखले शब्दशः खरे होते. आपल्या इच्छेविरुद्ध जाणारी आत्या मात्र त्या बैठकीत कुणीच पुढे आणली नाही. होमुरालाही नेमकी तीच मादोका खरी वाटते जी तिच्याजवळ राहू इच्छिते.

होमुराच्या वकिलाने यावर एक साक्षीदार आणला असता, आणि तो भक्कम आहे. मालिकेच्या दहाव्या भागात, मागच्या एका फेरीत, मरायला टेकलेली मादोकाच होमुराला विनवते की तू काळात मागे जाऊ शकतेस ना, मग क्यूबेकडून फसण्याआधी त्या मूर्ख मला वाचव. होमुरा शब्द देते. मग मादोका आणखी एक मागते, मी चेटकीण होण्याआधी मला मार. होमुरा तेही करते. म्हणजे मादोका दोन नव्हे, तीन झाल्या, आणि पहिल्या मादोकाने होमुराला तिच्या पुढच्या निर्णयांविरुद्ध राखण नेमलं होतं असंही म्हणता येईल. फक्त त्या मादोकाने मागितलं होतं ते फसवणुकीपासून संरक्षण. बाराव्या भागातली मादोका फसलेली नव्हती. त्या दिवशी सगळं माहीत असलेली ती एकटीच मुलगी होती.

आणि तरी मादोकाला सरसकट संत आणि होमुराला खलनायिका ठरवणारे मला पटत नाहीत. मादोकानेही कुणाला विचारलं नव्हतं. आईला नाही, होमुराला तर नाहीच. एका चौदा-पंधरा वर्षांच्या मुलीवर, जगात तू एकटीने आठवण ठेव, हे ओझं टाकून ती गेली. मागे राहिलेल्यांचाही काही हक्क असतो. होमुराने ‘मला तू हवी आहेस’ एवढंच म्हटलं असतं तर ते स्वार्थी पण स्वच्छ वाक्य होतं. ती माळावर ‘तुला जायचं नव्हतं’ असं त्याचं रूपांतर करते, गडबड तिथे आहे. शेवटी ती स्वतःला सैतान म्हणवून घेते आणि याला प्रेम म्हणते, तेव्हा निदान माफी तरी मागत नाही. हे मी तिच्या खात्यात जमा धरते.

आता त्या अनुत्तरित प्रश्नांकडे. समजा चित्रपटाने साफ सांगितलं असतं की नियम पूर्वीसारखाच चालू आहे, सगळ्या मुली सुरक्षित आहेत. आपण सुटकेचा श्वास टाकून होमुराला माफ केलं असतं, की कुणाचं नुकसान तर झालं नाही ना. उलट, नियम कोसळला आणि मुली पुन्हा चेटकिणी होऊ लागल्या असं दाखवलं असतं, तर तितक्याच झटपट तिला फाशी दिली असती. दोन्हीकडे निकाल परिणामांनी दिला असता, आणि एका मुलीच्या जाणत्या शब्दावर दुसरीने तिच्या अजाणत्या शब्दाची मोहर मारली, या कृत्याकडे आपण पाहिलंच नसतं. होमुरा म्हणते की मी फक्त एक तुकडा घेतला. खरं असेल, नसेल. चित्रपट तपासू देत नाही. हिशेबाचे आकडेच काढून घेतल्यावर हातात कृत्य तेवढं उरतं.

हे सगळं लेखकाने ठरवून केलं असा माझा दावा नाही. उरोबुचीच्या मूळ कल्पनेत होमुरा मादोकाबरोबर निघून जाते आणि कथा संपते. दोघींना आमनेसामने उभं करण्याची कल्पना शिनबोची, आणि पुढे गोष्ट वाढवायला जागा हवी हा निर्मात्यांचा हिशेबही त्यात होता. पुढच्या चित्रपटाची घोषणा 2021मध्ये झाली आणि मग तारखा पुढे जात राहिल्या. धंद्यासाठी उघडं ठेवलेलं दारही दारच असतं, आत काय दिसतं ते महत्त्वाचं. पुढच्या भागात उत्तरं मिळतील तेव्हा मी ती अधाशासारखी पाहीन. माळावरच्या त्या होकाराचं मोल त्याने बदलेल असं वाटत नाही.

त्या व्हरांड्यात, मिठी सुटल्यावर, होमुरा मादोकाला पहिल्यांदा सरळ एक प्रश्न विचारते. तुला काय मोलाचं वाटतं, इच्छा की नियम? गोंधळलेली, काहीच आठवत नसलेली मादोका जरा थांबून सांगते की आपल्या मनासारखं व्हावं म्हणून नियम मोडणं बरोबर नाही, असं तिला वाटतं. म्हणजे सगळं पुसून टाकल्यावरही तिने तेच उत्तर दिलं. होमुरा ते ऐकते. म्हणते, मग एक दिवस तू माझी शत्रू होशील बहुतेक. आणि आपल्या केसांतली लाल रिबीन सोडून, डोळ्यांत पाणी आणून, ती मादोकाच्या केसांत बांधून देते.